शॅपचा चढ आणि गार्डनरची धडधड: जुन्या ब्रिटिश ट्रकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा कराडचा. गेली बावीस वर्षं इंग्लंडमध्ये, प्रेस्टनजवळ राहतो. वडील एसटीत ड्रायव्हर होते, त्यामुळे डिझेलचा वास आणि गिअरबॉक्सच्या गप्पा घरात लहानपणापासूनच्या. इथे आल्यावर रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना जायला लागलो. तिथे पुसून लख्ख केलेल्या ट्रकांशेजारी घडीच्या खुर्च्या टाकून म्हातारे ड्रायव्हर थर्मासमधला चहा पीत बसलेले असतात. एक प्रश्न विचारायचा अवकाश, तासाभराची निश्चिंती होते. फोटो टाकले की भारतातले मित्र, भाचे, वडिलांचे जुने सहकारी फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

‘लेलँड’ हे कुणा साहेबाचं नाव होतं का?

नाही, गावाचं आहे. प्रेस्टनच्या दक्षिणेला दहा-एक किलोमीटरवर लेलँड नावाचं गाव आहे. तिथे १८९६ साली लँकेशर स्टीम मोटर कंपनी सुरू झाली आणि १९०७ मध्ये तिनं गावाचंच नाव घेतलं. माझ्या डोक्यात लेलँड म्हणजे चेन्नई. पहिल्यांदा लोकलमधून जाताना स्टेशनच्या पाटीवर नुसतं ‘लेलँड’ वाचलं तेव्हा मी मागे वळून परत पाहिलं होतं.

जुने म्हणजे किती जुने आणि जड म्हणजे किती जड?

साधारण १९३० च्या दशकापासून १९८० पर्यंतच्या गाड्या. इथले जुने लोक ट्रक म्हणत नाहीत, ‘लॉरी’ म्हणतात, आणि आमच्या उत्तरेत सरळ ‘वॅगन’. या सगळ्यात मानाची गाडी म्हणजे आठचाकी. एकाच सांगाड्याला चार अ‍ॅक्सल, पुढचे दोन वळणारे. १९५५ पासून तिला मालासकट २४ टनांची परवानगी होती. १९६४ च्या नियमांनी ती २८ टनांपर्यंत गेली, आणि ट्रेलर जोडलेल्या आर्टिक गाडीला ३२ टन मिळाले. तिथून आठचाकीचा मान उतरत गेला. मालकांनी हिशेब केला आणि आर्टिक घेतल्या. आठचाकी चालवलेले ड्रायव्हर मात्र आजही आर्टिकवाल्यांशी थोडं वरूनच बोलतात.

एवढ्या कंपन्या होत्या तरी कोणत्या?

फार होत्या, आणि तीच पुढे अडचण झाली. लेलँडमध्ये लेलँड, लंडनजवळ साउथॉलला एईसी, वॉटफर्डला स्कॅमेल, वुल्व्हरहॅम्प्टनला गाय, ग्लासगोत अल्बियन, बेसिंगस्टोकला थॉर्नीक्रॉफ्ट, प्रेस्टनला लागून वॉल्टन-ल-डेलमध्ये अ‍ॅटकिन्सन, ओल्डहॅमला सेडन. लेलँडच्या गाड्यांना प्राण्यांची नावं असत: ऑक्टोपस, हिप्पो, बीव्हर. ऑक्टोपस आठ चाकांचा, हे वेगळं सांगायला नको.

पण गोष्ट सांगण्यासारखी आहे ती चेशरमधल्या सँडबॅच गावची. फोडन हे तिथलं नावाजलेलं घराणं वाफेच्या लॉऱ्या बनवायचं. घरातल्या एडविन रिचर्ड फोडन यांना दिसत होतं की वाफेचे दिवस भरले, आता डिझेल. घरच्यांना ते पटेना. १९३३ मध्ये त्यांनी वेगळी चूल मांडली आणि स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांवरून कंपनीचं नाव ठेवलं ईआरएफ. पहिल्या गाडीचा चॅसी नंबर ६३, कारण त्यांचं वय ६३. पुढे फोडननंही डिझेल धरलं, आणि एकाच छोट्या गावात भाऊबंदकीतून निघालेले दोन ट्रक-कारखाने कित्येक दशकं समोरासमोर चालले. सँडबॅचच्या माणसाला तुम्ही फोडनवाले की ईआरएफवाले असं अजूनही विचारून बघा, चहा थंड होईल.

ड्रायव्हरांच्या आठवणीत सगळ्यात आधी काय येतं?

थंडी. मला वाटलं होतं इंजिन येईल, वेग येईल, अपघात येतील. नाही. सगळ्यांच्या तोंडी पहिली थंडी.

त्यासाठी केबिन कशी असायची ते कळलं पाहिजे. आपल्याकडे जसा चॅसी कारखान्यातून निघतो आणि केबिन बॉडीबिल्डर बांधतो, तसंच इथेही बऱ्याच गाड्यांचं होतं. अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर पत्रा. ईआरएफच्या केबिन सँडबॅचमधलेच जेनिंग्ज नावाचे सुतार-बांधणीवाले करून देत. पुढे फायबरग्लास आलं. पण लाकूड असो की फायबर, पेडलसाठी फळीला पाडलेल्या भोकांतून वारा सरळ आत यायचा. हीटर असेल तर तो वेगळे पैसे मोजून बसवायचा, आणि पैसे मोजणारा मालक घरी शेकोटीपाशी बसलेला.

इथे गाडी उजव्या हाताची. इंजिन केबिनच्या मधोमध, एका डबड्याखाली. म्हणजे ड्रायव्हरचा डावा पाय इंजिनाला चिकटलेला आणि उजवा पाय दाराच्या फटीशी. डावी पोटरी भाजायची, उजव्या पायाची बोटं बधिर व्हायची. एका आजोबांनी मला बसल्या बसल्या पँट वर करून डाव्या नडगीवरचा गुळगुळीत, केस नसलेला पट्टा दाखवला. चाळीस वर्षं इंजिनाच्या डब्याला घासून झालेला, असं त्यांचं म्हणणं. खरं-खोटं त्यांना ठाऊक, पट्टा मात्र होता.

मग उपाय सुरू. सैन्यातून आलेला जाड ओव्हरकोट, त्याच्या आत छातीवर वर्तमानपत्रं, पायांभोवती बटाट्याचं रिकामं पोतं. काचेवर आतून बर्फ धरायचा, कारण ड्रायव्हरचा श्वासच तिथे गोठायचा. काहीजण बटाट्याची फोड काचेवर घासत. धुकं दाट असलं की काच वर उचलून उघडायची आणि उघड्या तोंडावर वारा घेत गाडी हाकायची. जुन्या गाड्यांना तशी उघडणारी काच असे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर जे काळं धुरकं बसलं, त्यात गाडीपुढे माणूस चालवावा लागला होता, हातात दिवा घेऊन.

१९६२-६३ च्या हिवाळ्यात तर डिझेलच घट्ट झालं. मेणासारखे कण सुटले की नळी आणि फिल्टर तुंबतो आणि गाडी चालता चालता बसते. त्यावर ड्रायव्हरांचा इलाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला: तेलात भिजवलेल्या चिंध्या पेटवून टाकीखाली धरायच्या. पेट्रोल असतं तर स्फोटच. डिझेलच्या टाकीनं ते सोसलं.

गार्डनर इंजिनाचं एवढं कौतुक का?

गार्डनर कंपनी मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्टला इंजिनं बनवायची. ट्रक बनवत नसे, फक्त इंजिन. फोडन, ईआरएफ, अ‍ॅटकिन्सन, गाय, स्कॅमेल सगळे ते घ्यायचे. बसमध्ये, मासेमारीच्या बोटींतही तेच.

६एलडब्ल्यू हे जुनं मॉडेल ११२ अश्वशक्तीचं. १९५८ च्या सुमारास आलेलं ६एलएक्स १५० चं, साडेदहा लिटरचं, आणि नंतरचं ६एलएक्सबी १८० चं. आता २४ टनांची भरलेली आठचाकी आणि ११२ अश्वशक्ती, भागाकार करा: टनाला पाच घोडेसुद्धा येत नाहीत. इंजिन संथ, मिनिटाला सतराशे फेऱ्यांवर आवरलेलं. पण डिझेल अगदी बेतानं प्यायचं आणि लवकर उघडावं लागायचं नाही. जुन्या गार्डनरला दाब सोडणाऱ्या छोट्या कळा असायच्या. त्या उचलल्या की हॅण्डल मारूनसुद्धा चालू करता येई. कडाक्याच्या सकाळी दुसऱ्यांच्या गाड्या खोकत बसलेल्या असताना गार्डनर आपली धडधड सुरू करी.

ड्रायव्हरचं प्रेम मात्र मिश्र आहे. गार्डनर हे खरं तर मालकाचं इंजिन. तेल वाचलं ते मालकाचं. चढावर मागे गाड्यांची रांग लावून माणसाच्या धावण्याच्या गतीनं सरकत राहायचं ते ड्रायव्हरनं. तरीही त्याच ड्रायव्हरसमोर गार्डनरला कुणी नाव ठेवलं तर तो चवताळून उठतो. आपल्या सासरच्यांना आपणच बोलायचं असतं, तसं काहीसं.

गिअर टाकणं खरंच इतकं अवघड होतं?

सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना फेऱ्या आपोआप जुळवणारी सोय, नव्हती. म्हणजे प्रत्येक गिअरला डबल क्लच: क्लच दाब, न्यूट्रल, क्लच सोड, इंजिनाच्या फेऱ्या जुळव, परत क्लच, मग गिअर. चुकलं की कर्रर्र, आणि चढावर चुकलं तर गाडी थांबलीच. स्टिअरिंग हातांच्या जोरावर, म्हणून चाक परातीएवढं मोठं. हातब्रेक एका ओढीत लागायचा नाही, पंपासारखा चार-पाच वेळा खेचायचा. फोडनच्या काही गाड्यांना तर बारा गिअर होते.

वडील एकदा इकडे तीन महिने राहायला आले होते. इंग्रजी त्यांना चार शब्दांपलीकडे येत नाही. मेळाव्यात एका अ‍ॅटकिन्सनच्या मालकानं त्यांना वर चढून बसायला सांगितलं. केबिनची दारं मागून उघडतात की पुढून हे बघण्यात त्यांचा एक मिनिट गेला. मग ते बसले, डावा हात न बघता गिअरच्या दांड्यावर गेला आणि बंद गाडीत त्यांचा डावा पाय आपोआप दोनदा खाली गेला. शेजारी उभा असलेला ऐंशी वर्षांचा लँकेशरवाला हसला आणि त्यानं हवेत आपला पाय तसाच दोनदा आपटला. पुढचा अर्धा तास दोघं हातवाऱ्यांनी बोलत होते. मी दुभाषाचं काम करायला गेलो तर वडिलांनी हातानंच थांब म्हटलं. नंतर गाडीत बसल्यावर म्हणाले, “त्याचं तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना अडत होतं. आमच्या कॉमेटचं पण अडायचं.” कॉमेट हे लेलँडचंच एक मॉडेल.

किती वेगानं जायचे?

सांगितलं तर पटत नाही. जड लॉरीला कायद्यानं ताशी २० मैलांची मर्यादा होती, म्हणजे ३२ किलोमीटर. १९५७ मध्ये ती ३० मैल झाली. लंडन ते ग्लासगो सुमारे ४०० मैल, म्हणजे कायदा पाळला तर नुसतं चालवण्याचेच २० तास. आणि १९३० च्या कायद्यानुसार दिवसात ११ तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही. कागदावर दोन दिवसांचा प्रवास. कागदावर.

वेळेची नोंद ड्रायव्हरनं स्वतःच्या हातानं लॉगशीटवर करायची. त्यामुळे एका माणसाकडे दोन लॉगशीट असणं ही काही फार दुर्मिळ गोष्ट नव्हती. म्हणूनच पुढे टॅकोग्राफ आला, गाडीचा वेग आणि वेळ स्वतःच चकतीवर कोरणारं यंत्र, तेव्हा संघटनांनी त्याला ‘केबिनमधला हेर’ म्हणून कडाडून विरोध केला. आज तेच ड्रायव्हर कबूल करतात की त्या हेरानं त्यांना झोप दिली.

आणखी एक. १९७० मध्ये जड वाहनाचं वेगळं लायसन्स आलं. त्याआधीच्या काळात पुष्कळांनी कारच्या लायसन्सवरच २४ टनांची गाडी हाकली आहे.

इंग्लंडात घाट कुठले?

आपल्यासारखे नाहीत, पण एक आहे ज्याचं नाव काढलं की सगळे गप्प होतात: शॅप. केंडल गावाहून उत्तरेला, स्कॉटलंडकडे जाणारा ए६ रस्ता शॅपच्या उजाड माळावरून जातो. माथा सुमारे १,४०० फुटांवर. उंची ऐकून सह्याद्रीतला माणूस हसेल. पण झाड नाही, आडोसा नाही, पश्चिमेकडून वारा आणि हिवाळ्यात बर्फ. वर सांगितलेली टनाला पाच घोड्यांची गाडी घेऊन तिथे चढायचं. खालून पहिल्या-दुसऱ्या गिअरात निघालं की माथ्यापर्यंत तेच. काही गाड्यांत क्लीनर दार उघडून पायरीवर उभा राही, हातात लाकडी ठोकळा घेऊन. गाडी थांबली आणि मागे सरकू लागली तर उडी मारून चाकाखाली टाकायला.

उतार त्याहून वाईट. ब्रेक तापून सुटायचे. शहाणा ड्रायव्हर ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरायचा. बाकीचे न्यूट्रल मारायचे. हो, तिथेही! इथे त्याला ‘स्कॉच ओव्हरड्राइव्ह’ म्हणत, स्कॉटिश माणूस चिक्कू असतो या जुन्या थट्टेवरून. डिझेल वाचतं, गाडी पळते, आणि इंजिनाचा ब्रेक हातचा जातो. सांगणारे हसत सांगतात. न सांगणारे तिथेच राहिले, हे मी मनात धरून ऐकतो.

बर्फात अडकलेल्या ड्रायव्हरांना आसपासच्या शेतकऱ्यांनी घरात घेतलं, जेवू घातलं. १९७० मध्ये एम६ महामार्ग शॅपवरून पूर्ण झाला आणि ए६ वरची वर्दळ एका हिवाळ्यात आटली. आता जुन्या रस्त्याच्या माथ्याजवळ एक स्मारकशिळा आहे. त्या वाटेनं गाड्या नेणाऱ्या ड्रायव्हरांच्या, रस्ता बांधणाऱ्या-राखणाऱ्यांच्या आणि अडलेल्यांना आसरा देणाऱ्या गावकऱ्यांच्या आठवणीसाठी उभारलेली. राजा-राणीचं, सेनापतीचं स्मारक या देशात पावलोपावली सापडतं. लॉरी ड्रायव्हरचं मी तेवढं एकच पाहिलं.

माल कसा बांधायचे?

ताडपत्री आणि दोर. आपल्याकडे अजून दिसतं तसंच. गाडीचा हौदा सपाट, बाजूच्या फळ्या नाहीत, म्हणजे बांधणी हीच भिंत. दोर ताणायला एक खास गाठ मारत, ‘डॉली’. दोराचा पीळ घालून केलेला फास, ज्यात खालचं टोक ओवून ओढलं की कप्पीसारखी ताकद मिळते. हमालांनी ट्रकवर मारलेली आपल्याकडची गाठ मला तीच वाटते, नाव तेवढं वेगळं.

माल उतरल्यावर ओली ताडपत्री घडी करणं हे काम कुणालाच आवडत नसे. पावसात भिजून ती गोठली की पत्र्यासारखी ताठ होई. बोटांना पडलेल्या भेगा दाखवून एकजण म्हणाले की बायकोनं लग्नानंतर वर्षभर हात हातात घेतला नाही. पडदेवाल्या ट्रेलरांनी हे कौशल्य दोन दशकांत संपवलं, आणि त्याबद्दल हळहळणारा ड्रायव्हर मला अजून भेटायचा आहे.

रात्री झोपायचे कुठे, खायचे काय?

केबिनमध्ये बिछाना नव्हता. सत्तरच्या दशकापर्यंत झोपायची सोय असलेली ब्रिटिश गाडी विरळाच. मग ‘डिग्ज’, म्हणजे ड्रायव्हरांसाठीची घरगुती खानावळ-कम-लॉज. एका खोलीत चार-सहा खाटा, आणि आधीच्या माणसाची ऊब अजून चादरीत असायची, अशा तक्रारी भरपूर. मालकीणबाई चांगली असेल तर ओला कोट भट्टीजवळ वाळत घाली आणि पहाटे चारला उठवी. कंपनी रात्रीच्या मुक्कामाचा भत्ता देई. तो खिशात टाकून आसनावर आडवी फळी ठेवून झोपणारेही होते.

रोज नियमाच्या वाटेवर रात्री जाणाऱ्यांना ‘ट्रंकर’ म्हणत. दोन शहरांच्या मधोमध दोघं भेटायचे, गाड्या बदलायचे आणि सकाळी आपापल्या घरी. याउलट ‘ट्रॅम्पर’ म्हणजे भटक्या. सोमवारी निघाला की जिकडचं भाडं मिळेल तिकडे, शनिवारी परत.

खाणं ट्रान्सपोर्ट कॅफेत: अंडी, बेकन, तळलेला पाव आणि अर्धा लिटरभर कडक चहा. आपला ढाबाच. चांगला कॅफे कोणता ते बाहेर उभ्या लॉऱ्या मोजून ठरवायचं, ही रीतही तीच. फरक एवढाच की खाटेऐवजी डुगडुगणारं टेबल आणि बाहेर चिखल.

आवाजावरून गाडी ओळखता यायची म्हणतात. खरं का?

अगदी खरं, आणि मलाही आता थोडं जमतं. गार्डनर संथ, टप्प्याटप्प्यानं ठोके देणारं. फोडननं १९४८ मध्ये आणलेलं स्वतःचं टू-स्ट्रोक डिझेल तर किंचाळायचं. लांबून कुणी सायरन वाजवतंय असं वाटे. आणि सगळ्यात विचित्र कॉमर कंपनीचं टीएस३: तीन सिलिंडर पण सहा पिस्टन, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोरून येणारे, आणि सगळं इंजिन आडवं, ड्रायव्हरच्या खाली. जेमतेम सव्वातीन लिटरमधून १०५ अश्वशक्ती. त्याच्या फटफटीमुळे त्याला ‘कॉमर नॉकर’ नाव पडलं. गाडी मध्यम वजनाची, पण आवाज मोठ्यांनाही लाजवणारा. मेळाव्यात कॉमर चालू झाली की लोक बोलणं थांबवून तिकडे वळतात.

टोपणनावं म्हणाल तर पुढची दोन अ‍ॅक्सल वळणारी आणि मागे एकच असलेली सहाचाकी म्हणजे ‘चायनीज सिक्स’. १९५८ च्या फोडनची गोलगरगरीत फायबरची केबिन म्हणजे ‘मिकी माऊस’. आणि ऑस्टिन-मॉरिसची कोन पाडलेली एफजी म्हणजे ‘थ्रीपेनी बिट’, त्या कोनांच्या नाण्यासारखी दिसते म्हणून.

इतकं सगळं होतं तर बुडाले कसे?

पुस्तकात याची उत्तरं लांबलचक असतात: लेलँडनं एकेक कंपनी गिळली आणि पचवता आली नाही, संप, पैशांची चणचण, लेलँडच्या ५०० मालिकेच्या इंजिनाचा आणि एईसीच्या व्ही८ चा त्रास. सगळं खरं. गार्डनरसाठी तर ट्रकवाल्यांना रांगेत थांबावं लागे, आणि गार्डनर घराणं कित्येक वर्षं टर्बो लावायलाच तयार नव्हतं.

ड्रायव्हरांचं उत्तर मात्र एका शब्दाचं आहे: हीटर.

साठच्या दशकाच्या मध्यावर स्कॅनिया आणि १९६७ मध्ये व्होल्वो इथे आल्या. व्होल्वो एफ८८ च्या केबिनमध्ये पहिल्यांदा बसल्याची आठवण लोक लग्नाच्या तारखेसारखी सांगतात. दार बंद केलं की बाहेरचा आवाज बंद. हीटर सुरू केला की खरंच गरम. आसन उसळी झेलणारं. गिअर बोटांनी पडणारा. मागे बिछाना. एकाला तर कोट काढून गाडी चालवताना चोरी केल्यासारखं वाटलं होतं.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. ब्रिटिश ट्रक इंजिनात हरले नाहीत, केबिनमध्ये हरले. गाडी विकत घेणारा मालक आणि चालवणारा ड्रायव्हर, यातल्या एकालाच त्यांनी गिऱ्हाईक मानलं. तोवर चाललंही, कारण पर्याय नव्हता. मग पर्याय आला, चांगले ड्रायव्हर व्होल्वोवाल्या मालकाकडे नोकरीला जायला लागले, आणि मालकांना हिशेब कळला. ब्रिटिश कंपन्यांनीही नंतर चांगल्या केबिन दिल्या: लेलँडची मॅरेथॉन १९७३ मध्ये, ईआरएफची बी-सिरीज १९७४ मध्ये, लेलँड रोडट्रेन १९८० मध्ये. पण गिऱ्हाईक एकदा उठून गेलं की परत बोलावणं कठीण.

एईसी १९७९ मध्ये बंद झाली, स्कॅमेल १९८८ मध्ये. फोडन १९८० मध्ये अमेरिकेच्या पॅकारकडे गेली आणि नाव २००६ मध्ये संपलं. लेलँड गावात आजही ट्रक बनतात, पण त्यांच्यावर नाव डीएएफ असतं.

या गाड्यांनी परदेश पाहिला का?

पाहिला. १९६४ मध्ये एक गाय वॉरियर माल घेऊन इंग्लंडहून थेट काबूलला गेली. त्यानंतर इराण, आखाती देशांकडे इंग्लंडच्या लॉऱ्यांची वाट पडली. इस्तंबूलचा लोंद्रा कॅम्पिंगचा तळ, पूर्व तुर्कस्तानातली ताहिर खिंड, ही नावं म्हातारे अशी घेतात जशी आपण कुंभार्ली-वरंध घेतो. मात्र त्या वाटेवरही लवकरच स्कॅनिया आणि व्होल्वोच दिसायला लागल्या.

भारताशी काही नातं?

आहे, आणि जवळचं. मद्रासजवळ एन्नोरला १९४८ मध्ये अशोक मोटर्स निघाली, आधी ऑस्टिन गाड्या जोडायला. मग लेलँडशी करार झाला, लेलँड कॉमेट तिथे जुळू लागली, आणि १९५५ मध्ये कंपनी अशोक लेलँड झाली. कॉमेट, बीव्हर, हिप्पो ही इथली नावं आपल्या रस्त्यांवर इथल्यापेक्षा जास्त काळ टिकली. इथल्या लोकांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

आणि एसटी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेलेली पहिली बस बेडफर्ड होती, म्हणजे इंग्लंडचीच.

या आठवणींवर किती विश्वास ठेवायचा?

आकड्यांवर कमी, अंगावर जास्त. १९६३ च्या बर्फात शॅपवर अडकलो होतो असं सांगणारे मला इतके भेटले आहेत की तेवढ्या लॉऱ्या त्या रस्त्यावर मावल्या नसत्या. न्यूट्रलवर गाठलेला वेग दर मेळाव्याला पाच मैलांनी वाढतो. पण डावा पाय भाजायचा आणि उजवा गोठायचा, हे एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं शब्दाला शब्द सारखं सांगतात. त्यामुळे कुणाशी बोलायला बसलात तर साल आणि अश्वशक्ती विचारू नका, ती कागदात सापडते. हात कुठे होता, पाय कुठे होता, पहाटे काय खाल्लं ते विचारा.

आज हे ट्रक कुठे बघायला मिळतील?

लेलँड गावात ब्रिटिश कमर्शिअल व्हेइकल म्युझियम आहे, लेलँडच्याच जुन्या कारखान्याच्या जागेत. १९८२ मध्ये पोप ब्रिटनला आले तेव्हा त्यांच्यासाठी बनवलेली लेलँडची गाडीही तिथे उभी आहे. मे महिन्यात लंडन ते ब्रायटन अशी जुन्या व्यापारी गाड्यांची फेरी निघते. रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलं तरी पुरतं.

चालवून बघता येईल का?

चालवायला कुणी देणार नाही, आणि देऊही नये. शेजारी बसवतात मात्र हौसेनं, विचारायला लाजू नका. बसताना डाव्या पायात जाड मोजा घाला. शेजारच्या आसनावर इंजिन तुमच्या उजवीकडे येतं.